आभासी जगातील कारागीर आणि त्यांच्या मालाचे रक्षण

चतुर्थीच्या दिवसांत गावातील चित्रशाळेत मूर्तिकार आणि त्याचे कुटुंबीय महिनोन्महिने मातीशी झटत असतात. समजा, अशा चित्रशाळेतील एका सुबक मूर्तीवरून कोणी रातोरात साचा उतरवून नेला आणि त्या साच्यातून काढलेल्या मूर्ती बाजारात निम्म्या किमतीस विकावयास मांडल्या. मूर्तिकाराची मूर्ती जागच्या जागी आहे. तिला ओरखडाही उठलेला नाही. तरीही त्याची वर्षाची कमाई गेली, आणि त्याच्या हाताची जी ओळख होती तीही गेली. यास चोरी म्हणावयाचे की नाही, याविषयी आपल्यापैकी कोणाच्याही मनात शंका राहणार नाही.

हाच अन्याय आज एका नव्या धंद्यात घडत आहे. संगणकाच्या व मोबाइलच्या पडद्यावर उभी राहिलेली जी ‘आभासी जगे’ आहेत, त्यांत घरे, वस्त्रे, दागिने, वाहने, झाडे, शस्त्रे अशा नाना वस्तू घडवून विकणारा एक कारागीरवर्ग गेल्या दोन दशकांत जगभर निर्माण झाला आहे. हे काम करावयास कारखाना लागत नाही, भांडवलही फारसे लागत नाही. संगणक, इंटरनेटची जोडणी, चित्रकलेची जाण व चिकाटी एवढ्यावर तालुक्याच्या गावी बसूनही ते करता येते. साहजिकच आपल्याकडील तरुण-तरुणींनाही हे क्षेत्र खुले आहे. घरच्यांना वाटते, मुलगा खेळत बसला आहे. तो कदाचित चरितार्थाचा मार्ग शोधत असेल. आणि त्याच्या मालाची चोरटी नक्कल झाली, तर त्याची तक्रार समजून घेण्यासाठी पालक, शिक्षक व अधिकारी यांना या व्यवहाराची निदान तोंडओळख असणे आवश्यक आहे. त्या हेतूने हा लेख लिहिला आहे.

आभासी जग म्हणजे काय?

आभासी जग म्हणजे हजारो माणसांना एकाच वेळी प्रवेश करता येईल असा, संगणकाने रेखाटलेला प्रदेश. प्रत्येक व्यक्ती तेथे आपल्या एका चित्ररूप प्रतिनिधीच्या द्वारा वावरते, इतरांशी बोलते, वस्तू घेते व देते. हा प्रदेश चालविणाऱ्या कंपनीच्या मोठ्या संगणकांस ‘सर्व्हर’ म्हणतात. कोणाजवळ काय आहे याची अधिकृत नोंद या सर्व्हरवर असते; आपल्या घरच्या संगणकावर दिसते ते केवळ त्या नोंदीवरून काढलेले चित्र होय.

या विषयातील सर्वांत बोधप्रद उदाहरण ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगाचे आहे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील लिंडन लॅब या कंपनीने ते जून २००३ मध्ये सर्वांस खुले केले. यात जिंकणे-हरणे नाही, गुण नाहीत. तेथील जवळजवळ प्रत्येक वस्तू कंपनीने नव्हे, तर रहिवाशांनीच घडविलेली आहे. नोव्हेंबर २००३ मध्ये कंपनीने एक महत्त्वाचा निर्णय जाहीर केला : रहिवाशाने जे घडविले, त्यावरील बौद्धिक संपदेचे हक्क त्याचेच राहतील. त्या काळी बहुतेक खेळांच्या करारात सर्व हक्क कंपनीकडे जात असत. त्यामुळे हा निर्णय वेगळा ठरला.

तेथील चलनास ‘लिंडन डॉलर’ म्हणतात आणि त्याचे खऱ्या अमेरिकन डॉलरमध्ये रूपांतर करता येते. एका अमेरिकन डॉलरला साधारणपणे अडीचशे ते पावणेतीनशे लिंडन डॉलर असा भाव २००६-०७ च्या सुमारास होता. ‘अँशी चुंग’ या नावाने तेथे जमिनीचा व्यापार करणाऱ्या एका महिलेने नोव्हेंबर २००६ मध्ये आपली तेथील मालमत्ता दहा लाख अमेरिकन डॉलरहून अधिक मोलाची झाल्याचे जाहीर केले, तेव्हा वृत्तपत्रांचे लक्ष या जगाकडे वेधले गेले. परंतु खरी अर्थव्यवस्था लहान कारागिरांची होती. कोणी सदरे शिवी, कोणी खुर्च्या करी, कोणी केशरचना घडवी. एका सदऱ्याची किंमत खऱ्या पैशात एक डॉलरच्या आसपास. असा एक सदरा तयार करावयास आठवडा लागे, आणि तो शेकडो वेळा विकला गेला तरच त्या आठवड्याची मजुरी सुटे.

या धंद्याचे मर्म येथेच आहे. खऱ्या जगातील सुताराला प्रत्येक खुर्चीसाठी नवे लाकूड व नवे श्रम लागतात. आभासी सुताराचे सारे श्रम पहिल्या खुर्चीत खर्ची पडतात. पुढील प्रती करण्यास काहीच लागत नाही. म्हणूनच प्रती काढण्याचा अधिकार हीच त्याची खरी मिळकत असते. तो अधिकार हातचा गेला की मागे राहते ती केवळ मेहनत.

हे ओळखून सेकंड लाइफमध्ये प्रत्येक वस्तूस तीन परवानग्या जोडण्याची सोय केलेली आहे. वस्तूत फेरफार करता येईल काय, तिची नक्कल करता येईल काय आणि ती दुसऱ्यास देता येईल काय, हे घडविणारा ठरवितो. सदरा विकताना तो ‘नक्कल करता येईल, पण दुसऱ्यास देता येणार नाही’ असे ठरवू शकतो. अथवा ‘दुसऱ्यास देता येईल, पण नक्कल होणार नाही’ असेही ठरवू शकतो. ‘नक्कलही करा आणि वाटेल त्यास द्या’ असे मात्र आपला माल विकू इच्छिणारा कारागीर सहसा ठरविणार नाही. चोरटी नक्कल करणारा नेमक्या याच परवानग्यांचा बंध तोडतो.

साचा उतरविण्याचा प्रकार

चोरट्या नकलेचे मुख्यतः दोन प्रकार आहेत आणि त्यांतील भेद नीट समजून घेतला पाहिजे. कारण दोहोंवरील उपाय निराळे आहेत.

पहिला प्रकार प्रारंभी सांगितलेल्या मूर्तीच्या साच्यासारखा आहे. आपल्या पडद्यावर एखादी खुर्ची दिसावयाची, तर तिचा आकार, रंग व पोत यांची माहिती सर्व्हरकडून आपल्या संगणकापर्यंत यावीच लागते. जे दिसते ते आलेले असते. आणि जे आले ते साठवून ठेवता येते. त्या माहितीवरून तशीच दुसरी खुर्ची उभी करून तिच्यावर आपले नाव घालणे, हे तांत्रिक ज्ञान असलेल्यास कठीण नाही.

नोव्हेंबर २००६ मध्ये हेच घडले. सेकंड लाइफच्या संदेशवहनाचा अभ्यास करणाऱ्या बाहेरील प्रोग्रामरांच्या एका गटाने चाचणीसाठी ‘कॉपीबॉट’ नावाचे एक साधन तयार केले होते. ते त्या गटाच्या हातून बाहेर गेले आणि पाहता पाहता त्या आभासी बाजारात विकावयास आले. कोणाच्याही दुकानात उभे राहावे आणि समोरच्या मालाची प्रत करून घ्यावी, अशी ती करामत होती. कारागिरांत घबराट पसरली. अनेकांनी निषेध म्हणून आपली दुकाने बंद ठेवली; नव्या पिढीच्या त्या बाजारात जुन्या पद्धतीचा हरताळच झाला म्हणावयाचा. अखेर कंपनीने जाहीर केले की, कॉपीबॉट वा तशा साधनाने दुसऱ्याच्या मालाची नक्कल करणे हा सेवाशर्तींचा भंग असून तसे करणाऱ्याचे खाते बंद करण्यात येईल.

त्याच वेळी कंपनीने एक कटू सत्यही मान्य केले : जे पडद्यावर दिसू द्यावयाचे, त्याची नक्कल तांत्रिक उपायांनी पूर्णपणे रोखणे शक्य नाही. एक गोष्ट मात्र कारागिरांच्या पथ्यावर पडली. दार उघडणे, दिवा लावणे, वाहन चालविणे अशी जी वस्तूची ‘कृती’ असते, तिच्या आज्ञावली सर्व्हरवरच चालतात व ग्राहकाच्या संगणकाकडे जात नाहीत. त्यामुळे साचा उतरविणाऱ्याला गाडीचा सांगाडा मिळतो. इंजिन मिळत नाही.

दोन वह्यांमधील फट

दुसऱ्या प्रकारात साचा नसतो. वस्तूची अस्सल प्रतच, घडविणाऱ्याच्या नावासह, दुप्पट केली जाते. व्यवस्थेतील एखाद्या उणिवेचा फायदा घेऊन हे साधतात. ते कसे, हे आपल्या कार्यालयातील उदाहरणाने समजेल. एखादा मतदार एका गावातून दुसऱ्या गावी राहावयास गेला. नव्या गावच्या यादीत त्याचे नाव चढले, परंतु जुन्या यादीतून कमी झाले नाही. माणूस एकच, पण कागदावर दोन झाले. आभासी जगातील वस्तू ही मुळातच केवळ एक नोंद असल्यामुळे, नोंद दोनदा झाली की वस्तू खरोखरच दोन होतात.

समजा, एकाने दुसऱ्यास सोन्याचा हार दिला. सर्व्हरने तो घेणाऱ्याच्या खात्यात लिहिला, आणि देणाऱ्याच्या खात्यातून खोडण्यापूर्वीच काही कारणाने यंत्रणा बंद पडली. पुन्हा सुरू झाल्यावर हार दोघांकडेही दिसतो. काही जण मुद्दामच असा व्यत्यय घडवून आणतात. १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’ या जुन्या खेळात एका सर्व्हरच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जाताना नोंदींचा असाच घोटाळा घडवून सोने व वस्तू दुप्पट करण्याचे प्रकार झाले होते.

याचे परिणाम केवळ एका व्यक्तीपुरते राहत नाहीत. ऑगस्ट २००५ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट २’ या खेळात काही जणांनी अशीच उणीव हेरून अमाप चलन निर्माण केले. एका दिवसात तेथील चलनफुगवटा सुमारे २० टक्के झाला, असे खेळ चालविणाऱ्या कंपनीने सांगितले. खोट्या नोटांनी बाजार भरला की प्रामाणिक माणसाच्या खिशातील खरी नोटही स्वस्त होते, हा अर्थशास्त्राचा नियम आभासी बाजारालाही चुकत नाही.

मे २०१३ मध्ये ‘डायब्लो ३’ या खेळात घडलेला प्रकार आणखी उद्बोधक आहे. तेथे खऱ्या पैशाने व्यवहार करण्याचा लिलाव-बाजार होता. ७ मे रोजी केलेल्या एका सुधारणेत एका वेळी विकावयाच्या सोन्याच्या ढिगाची मर्यादा दहा लाख नाण्यांवरून एक कोटीवर नेण्यात आली. परंतु हिशेबाच्या त्या जागेत २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नव्हती. मोटारीच्या अंतरमापकाचे सर्व नऊ फिरून पुन्हा शून्य यावेत, तसे तेथे झाले. विक्रीस लावलेले सोने मागे घेतल्यावर, खात्यातून वजा झाले होते त्यापेक्षा अधिक परत येऊ लागले. कंपनीने लिलाव बंद ठेवला, व्यवहारांची तपासणी केली, दोषी खाती बंद केली आणि त्या खात्यांच्या व्यवहारांतून आलेला पैसा बालरुग्णालयांसाठी काम करणाऱ्या धर्मादाय संस्थेस देण्याचे जाहीर केले. तो लिलाव-बाजारही मार्च २०१४ मध्ये कायमचा बंद झाला. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये अॅमेझॉनच्या ‘न्यू वर्ल्ड’ या खेळात नाणी दुप्पट होत असल्याचे आढळताच खेळाडूंमधील धनाची सर्व देवघेव काही काळ थांबवावी लागली. तात्पर्य, तंत्र पुढे गेले तरी दोन वह्यांमधील फट आपोआप बुजत नाही. ती बुजविण्यासाठी कोणीतरी सतत जागे राहावे लागते.

न्यायालयाची पायरी

कारागिरांनी या अन्यायाविरुद्ध दाद मागितली काय? मागितली. जुलै २००७ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातील टॅम्पा येथील संघीय न्यायालयात सेकंड लाइफमधील फर्निचरच्या एका उत्पादक कंपनीने दावा दाखल केला. गंमत अशी की, नक्कल करणाऱ्याचे खरे नाव फिर्यादीस ठाऊकच नव्हते. ठाऊक होते ते केवळ पडद्यावरील टोपणनाव. म्हणून दावा ‘अज्ञात इसमा’विरुद्ध लावण्यात आला, आणि नंतर न्यायालयीन मार्गाने संबंधित कंपन्यांकडील नोंदी मागवून त्या नावामागील व्यक्तीचा शोध घेण्यात आला. २००८ मध्ये हे प्रकरण तडजोडीने मिटले.

दुसरा दावा ऑक्टोबर २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या पूर्व विभागाच्या संघीय न्यायालयात सहा कारागिरांनी एकत्र येऊन दाखल केला. न्यूयॉर्कमधील एका इसमाने व्यवस्थेतील उणिवेचा फायदा घेऊन त्यांच्या मालाच्या हजारो प्रती काढल्या व आपल्या दुकानात विकल्या, अशी त्यांची तक्रार होती. डिसेंबर २००७ मध्ये परस्परसंमतीने निकाल झाला. त्या इसमाने नफ्यापोटी ५२५ डॉलर द्यावेत व पुन्हा असे कृत्य करू नये, असे ठरले.

५२५ डॉलर ही रक्कम वकिलाच्या खर्चापुढे क्षुल्लक आहे, हे उघड आहे. परंतु त्या निकालाचे मोल रकमेत नाही. ‘तो तर खेळ आहे, त्यात कसली चोरी?’ हा बचाव तेथे कामास आला नाही. पडद्यावरील खुर्ची ही कोणाच्या तरी कष्टाची निर्मिती आहे आणि तिच्या चोरट्या नकलेची भरपाई खऱ्या पैशात द्यावी लागते, ही गोष्ट त्यामुळे जगापुढे आली. सहा लहान कारागीर एकत्र आले म्हणून दाव्याचा भार सोसता आला, हा सहकाराचा धडाही आपण विसरता कामा नये.

संचालक कंपनीची जबाबदारी

आभासी जग चालविणाऱ्या कंपनीने नेकीने काम करावयाचे ठरविल्यास पुष्कळ काही करता येते. बँकेच्या व्यवहारात एका खात्यातून रक्कम वजा होणे आणि दुसऱ्यात जमा होणे या दोन्ही गोष्टी एक तर पूर्ण होतात अथवा एकही होत नाही. मध्येच वीज गेली तरी अर्धवट नोंद उरत नाही. हीच शिस्त वस्तूंच्या देवघेवीस लावली म्हणजे दुसऱ्या प्रकारातील बहुतेक वाटा बंद होतात. प्रत्येक अस्सल प्रतीस स्वतंत्र अनुक्रमांक दिला तर एकाच क्रमांकाच्या दोन वस्तू आढळताच लबाडी उघडकीस येते. एकूण चलन किती निर्माण झाले व किती खात्यांत आहे, याचा ताळेबंद रोज घातला, तर गळती अथवा भर तत्काळ ध्यानात येते. ग्रामपंचायतीच्या दप्तरात जे लेखापरीक्षण आपण आवश्यक मानतो, तेच येथेही आवश्यक आहे.

साचा उतरविण्याच्या प्रकारावर तांत्रिक उपाय अपुरे पडतात. तेथे नियम व त्यांची अंमलबजावणी यांवर भर द्यावा लागतो. फेब्रुवारी २०१० मध्ये लिंडन लॅबने बाहेरच्यांनी तयार केलेल्या दर्शक-प्रोग्रामांसाठी धोरण जाहीर केले. एखादी वस्तू आपल्या संगणकावर उतरवून घेण्याची सोय अशा प्रोग्राममध्ये असल्यास, त्या वस्तूचा प्रत्येक भाग त्याच व्यक्तीने घडविलेला आहे याची खात्री प्रोग्रामने करून घेतली पाहिजे, अशी अट त्यात घालण्यात आली. स्वतःच्या मालाची प्रत जपण्याची मुभा आणि परक्याच्या मालास संरक्षण, असा तो तोल होता.

मध्यंतरी, विशेषतः २०२१ मध्ये, ‘एनएफटी’ नावाच्या डिजिटल प्रमाणपत्रांचा मोठा बोलबाला झाला. चोरट्या नकलेवर हा रामबाण उपाय आहे, असे अनेकांस वाटले. वस्तुस्थिती निराळी आहे. असे प्रमाणपत्र म्हणजे पावती होय; पावती बनावट नसली तरी ती देणाराच मालाचा खरा मालक आहे, हे त्या पावतीने सिद्ध होत नाही. ओपनसी या मोठ्या बाजारपेठेनेच जानेवारी २०२२ मध्ये सांगितले की, तिच्या मोफत साधनाने तयार झालेल्या वस्तूंपैकी ८० टक्क्यांहून अधिक वस्तू उचललेल्या, बनावट वा निरर्थक होत्या. तेव्हा अशा जाहिरातींवर विसंबून कोणी आपली पुंजी गुंतवू नये.

आपला कायदा काय सांगतो?

आपल्या देशात या बाबतीतील मुख्य आधार म्हणजे प्रताधिकार अधिनियम, १९५७, ज्यास आपण बोलण्यात कॉपीराइटचा कायदा म्हणतो. चित्र, शिल्प, आराखडा यांस कलाकृती म्हणून, आणि संगणकाच्या आज्ञावलीस साहित्यकृती म्हणून या कायद्याने संरक्षण दिले आहे. कृती निर्माण होताच हक्क उत्पन्न होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. कर्त्याच्या हयातीत व त्याच्या निधनानंतर ६० वर्षे हा हक्क टिकतो. व्यक्ती पगारी नोकरीत असताना त्या कामाचा भाग म्हणून घडविलेली कृती मात्र, उलट करार नसल्यास, मालकाची ठरते. हे नोकरी स्वीकारतानाच पाहून घ्यावे.

जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्यास कलम ६३ अन्वये सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५-क जोडण्यात आले. त्यानुसार, हक्कभंग करण्याच्या हेतूने संरक्षणाची तांत्रिक तटबंदी फोडणे हाही गुन्हा असून त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंडाची तरतूद आहे. कलम ६२ प्रमाणे, फिर्यादी जेथे राहतो अथवा व्यवसाय करतो तेथील जिल्हा न्यायालयात सर्वसाधारणपणे दावा दाखल करता येतो. म्हणजे परगावच्या प्रतिवादीसाठी गावोगाव हिंडावे लागत नाही. याखेरीज परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकव्यवस्थेत शिरून फेरफार करणाऱ्यास, प्रकरणाच्या स्वरूपानुसार, माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ची कलमे ४३ व ६६ लागू होऊ शकतात. कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास वा पाच लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

प्रश्न असा येतो की, कंपनी अमेरिकेतील, नक्कल करणारा कोठला ते ठाऊक नाही, आणि कारागीर फोंड्याचा वा बेळगावचा. मग कायदा कोणता? भारत व अमेरिका हे दोन्ही देश बर्न येथील आंतरराष्ट्रीय कराराचे सदस्य आहेत. त्यामुळे येथे घडविलेल्या कृतीस तेथेही संरक्षण मिळते. अमेरिकेतील १९९८ च्या डिजिटल प्रताधिकार कायद्यानुसार, रीतसर लेखी सूचना मिळताच चोरटा माल हटविणाऱ्या कंपनीस दायित्वापासून सूट मिळते. या कारणाने बहुतेक मोठ्या कंपन्या अशा सूचनांची दखल घेतात. ही सूचना कारागीर स्वतः देऊ शकतो. वकिलाची सक्ती नाही. खोटी सूचना देणे मात्र अंगाशी येऊ शकते.

कारागिरांनी घ्यावयाची दक्षता

१. कृतीच्या मूळ फाइली, कच्ची रेखाटने व मधले टप्पे तारखांसह जपून ठेवावेत. नक्कल करणाऱ्याकडे तयार वस्तू असते; ती घडविण्याचा इतिहास नसतो. वाद उभा राहिल्यास हाच इतिहास सर्वांत बळकट पुरावा ठरतो.

२. महत्त्वाच्या कृतींची नवी दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात नोंदणी करावी. अर्ज इंटरनेटवरून करता येतो. कलाकृतीस सामान्यतः ५०० रुपये, आणि ती मालाच्या संबंधात वापरली जाणारी असल्यास २,००० रुपये फी नियमांत दिलेली आहे. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवसांची मुदत असते.

३. विक्रीपूर्वी परवानग्या नीट तपासाव्यात. घाईत ‘नक्कल’ आणि ‘हस्तांतरण’ या दोन्ही परवानग्या खुल्या राहिल्यास तो दोष व्यवस्थेचा नव्हे.

४. शक्य तेथे वस्तूचे खरे कौशल्य सर्व्हरवर चालणाऱ्या आज्ञावलीत ठेवावे.

५. नक्कल आढळल्यास प्रथम पुरावा गोळा करावा : पडद्याची छायाचित्रे, दुकानाचे ठिकाण, विक्रेत्याचे टोपणनाव, दिनांक, वेळ व किंमत. आधी भांडण काढल्यास पुरावा नाहीसा होतो.

६. त्यानंतर कंपनीकडे लेखी सूचना द्यावी व तिची पोच जपावी. खात्यात कोणी शिरकाव केला असल्यास अथवा आर्थिक फसवणूक झाली असल्यास १९३० या सायबर मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

७. दुसऱ्याची कृती आपण उचलू नये. चित्रपटातील पात्र, कंपनीचे बोधचिन्ह वा परक्या कलावंताचे चित्र वापरून केलेला माल घेऊन न्याय मागावयास जाणाऱ्याचे हात मोकळे राहत नाहीत.

शिक्षक, पालक व अधिकारी यांस

व्यवस्थेतील उणीव सापडली की तिचा फायदा घेणे ही हुशारी, अशी समजूत मुलांत सहज रुजते. ‘मी काही चोरले नाही, यंत्रानेच मला दोन दिले’ असे ती म्हणतात. अशा वेळी दुकानदाराने चुकून जादा सुटे पैसे दिले तर आपण काय करतो, एवढाच प्रश्न वर्गात विचारावा. उणीव आढळल्यास ती गाजावाजा न करता कंपनीस कळविणे हा नागरिकाचा मार्ग आहे. अनेक कंपन्या अशा माहितीबद्दल बक्षीसही देतात. तसेच अतिस्वस्त दराने मिळणारी ‘दुर्मिळ’ वस्तू बहुधा चोरटी असते, हेही मुलांस सांगावे. ग्राहक मिळाला नाही तर चोरट्याचा धंदा चालत नाही.

पालकांनी मुलाच्या कामाकडे तुच्छतेने पाहण्यापूर्वी तो काय घडवितो, कोणास विकतो व करारावर काय लिहून देतो, हे विचारावे. अधिकारीवर्गास विनंती एवढीच की, ‘आमचा खेळातला माल चोरीस गेला’ असे म्हणत एखादा तरुण दारी आला, तर त्यास हसून परत पाठवू नये. त्याच्यामागे शेकडो तासांचे श्रम असू शकतात. त्याच्याकडून मूळ फाइली व व्यवहाराच्या नोंदी मागाव्यात आणि तक्रार रीतसर नोंदवून घ्यावी.

आपल्या भागात मूर्तिकार, सुतार, सोनार, विणकर यांच्या परंपरा आहेत. कारागिराच्या घामाचे मोल आपणांस कोणी शिकवावे लागत नाही. माध्यम बदलले, माती व लाकूड यांच्या जागी अंक व प्रकाश आले. घडविणाऱ्याचा हक्क मात्र तोच आहे, आणि त्याचे रक्षण करण्याची आपणा सर्वांची जबाबदारीही तीच आहे.